धुराचा हातगोळा

प्रजासत्ताक दिनाला तीन दिवस होते, तेव्हा बडनेऱ्याचे सैन्यातले निवृत्त हवालदार जानराव तायडे यांच्या मोबाइलवर एक पोस्टर आलं. त्या दिवशी अमरावतीच्या एका कॉलेजात त्यांचा सत्कार होता. फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हातबॉम्बनं शत्रूची चौकी उडवणारा वऱ्हाडचा वाघ’.

जानरावांनी ते दोनदा वाचलं आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या ललित सरांना फोन लावला. आपण कोणतीही चौकी उडवली नाही, आपण फेकला तो स्मोक ग्रेनेड होता, त्यातून नुसता धूर निघतो, हे त्यांनी सावकाश समजावलं. सर म्हणाले, पोस्टर गावभर गेलंय, आणि पोरांना स्फूर्ती मिळाली पाहिजे. धुराचं कौतुक कोण ऐकणार?

असं असेल तर जाऊच नका, असं जाईबाईंचं म्हणणं पडलं.

“जाईन,” जानराव बायकोला म्हणाले. “नाई गेलो तर हे खोटंच खरं होईन.”

कार्यक्रमाचं सूत्रसंचालन प्रणाली नावाची विद्यार्थिनी करत होती. हातात दिलेला कागद तिनं जोरात वाचला. चौकी, स्फोट, वाघ, सगळं त्यात होतं. टाळ्या थांबेपर्यंत जानराव माइकपाशी उभे राहिले.

“पोरीले जे लिहून देलं ते तिनं वाचलं, तिचा दोष नाई. पण मी चौकी उडवली नाई.”

मग त्यांनी घडलं ते सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी सीमेवर त्यांची तुकडी गोळीबारात सापडली. अकोल्याचा देवीदास मांडीत गोळी लागून उघड्या माळावर पडला होता. जानरावांकडे दोन स्मोक ग्रेनेड होते. दिसायला डबा, पिन काढून फेकला की धमाका नाही, फक्त फुसफुस आणि दाट धूर, तोही मिनिट-दीड मिनिट. त्यानं कोणी मरत नाही. शत्रूला माणूस दिसत नाही, इतकंच. गोळ्या मात्र येतच राहतात. वाऱ्याचा अंदाज घेऊन जानरावांनी दोन्ही फेकले आणि धुरात ते धावले. सोबत धारणीकडचा नंदलाल कासदेकर होता. दोघांनी देवीदासला ओढत आणलं. आडोसा दहा पावलांवर असताना वारा फिरला आणि धूर फाटला. देवीदासला सोडून नंदलालला उडी मारता आली असती. त्यानं पकड सोडली नाही. गोळी त्याच्या मानेत लागली. तो चोवीस वर्षांचा होता. देवीदास आज अकोल्याच्या जठारपेठेत दुकान चालवतो.

एवढ्यात ललित सरांनी खूण केली आणि माइक बंद झाला. जानरावांनी तो बाजूला ठेवला. परेडच्या मैदानावर कमावलेला त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

“पोस्टरवर नंदलालचं नाव नाई. चौकी मी उडवली म्हणता, तर मंग तो तिथं कशासाठी मेला?”

संस्थेचे अध्यक्ष वामनराव शाल घेऊन पुढे आले. जानराव म्हणाले, आधी या स्टेजवरून त्याचं नाव घ्या, मग शाल. वामनरावांनी ललित सरांकडे पाहिलं. सर हातातल्या कागदात पाहू लागले.

प्रणाली पुढे आली. बंद माइककडे तिनं लक्षच दिलं नाही.

“शहीद नंदलाल कासदेकर, तालुका धारणी,” ती म्हणाली.

मागच्या बाकावरची पोरं उठली, मग सगळं सभागृह उठलं. जानरावांनी शाल घेतली. सन्मानपत्रावर मात्र ‘चौकी उडवल्याबद्दल’ असं छापलेलं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बडनेऱ्याची बस धरली.

दोन दिवसांनी पेपरात त्यांचा फोटो आला. खाली पुन्हा वाघ, पुन्हा चौकी. बातमी कॉलेजनं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच पाठवून ठेवली होती. जानरावांनी वहीच्या पानावर खुलासा लिहिला आणि पेपरच्या ऑफिसात नेऊन दिला. साहेब बाहेर गेलेत, असं उत्तर मिळालं. ते बाकड्यावर बसून राहिले. चार वाजता साहेबांनी कागद घेतला.

चार दिवसांनी आतल्या पानावर सात ओळी छापून आल्या. धुराचं बरोबर होतं, देवीदासचं बरोबर होतं. नंदलालचं आडनाव चुकलं होतं.

“आता काहून चाल्ले?” जाईबाईंनी विचारलं.

“आडनाव नीट कराले,” जानराव म्हणाले आणि त्यांनी चपला घातल्या.