दोघांचे फॉर्म

“वहिनी, अजितवर जरा ध्यान ठेवा. गाडी धुऊन झाली तरी धूतच बसतोय,” असं धनाजीभावजी म्हणाले, तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. “घरी ताटसुद्धा उचलत नाहीत. तिथं तरी धुऊ देत की.”

अजित, माझा नवरा, नसरापूरला हायवेच्या रुग्णवाहिकेवर चालक आहे. धनाजीभावजी त्याच गाडीवर मदतनीस. आठवड्यापूर्वी एका अपघातातलं तान्हं बाळ दोघांनी उचललं होतं. ते दवाखान्यापर्यंत पोचलं नाही.

तेव्हापासून अजित विंझरला घरी आला की आधी अंगणात अंघोळ करायचा, मयताहून आल्यावर करतात तशी. मग उंबऱ्याजवळच बसायचा. आमची राजनंदिनी रांगत गेली की पाय आखडून घ्यायचा. सासूबाई म्हणायच्या, “दमतोय लई.” मी सगळं टिपत होते, आणि मीही तेच म्हणत होते.

मग रुग्णवाहिका चालवणाऱ्या कंपनीनं समुपदेशन सुरू केलं. दर गुरुवारी नसरापूरला एक बाई येणार, ड्यूटीच्या वेळेतच त्यांच्याशी बोलायचं, खर्च कंपनीचा. आधी मोबाईलवर फॉर्म भरायचा. कंपनीचा कुठलाही फॉर्म आला की दोघं माझ्यापुढं मोबाईल ठेवतात, मी बी.ए. आहे ना. त्या रविवारी ते ओसरीवर चहा पीत बसले आणि मी भरत गेले. झोप नीट लागते? होय. तेच तेच डोळ्यांपुढं येतं? नाही.

“इचारा तरी, वहिनी,” भावजी म्हणाले.

“काय विचारायचं? खरं लिहिलं तर उद्या ह्यांच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतील.”

“माज्या हातात कुठं स्टिअरिंग हाय?”

तिघंही हसलो. मी त्यांचाही फॉर्म तसाच भरून पाठवला.

बाईंकडं कुणी जायचं, त्याची यादी लागली. दोघांची नावं नव्हती. “म्हंजे आमी बरे हाय,” अजित म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी त्यानं अंग पुसलं आणि पुन्हा बादली भरायला घेतली. मी टॉवेल घेऊन उभी होते. राहवलं नाही.

“अहो, तो फॉर्म मी खोटा भरला.”

“ठावं हाय. तू काय दाबत हुतीस ते बघत हुतो म्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“तूच ‘नाही’वर दाबलंस. म्हणलं, हिला ऐकायचं न्हाई.”

बादली वाहू लागली तरी नळ बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

सकाळी मी ऑफिसात फोन करून सगळं सांगितलं. तिथल्या बाई म्हणाल्या, “पुन्हा भरा. गाडी कुणी काढून घेत नाही.” आता अजित तीन गुरुवार जाऊन आलाय. तिथं काय बोलतो, मला माहीत नाही. मला एकदाच म्हणाला, “बाळ धनाजीच्या मांडीवर हुतं. म्या नुसतं आरशात बघत हुतो.”

धनाजीभावजींनी तोवर कामावर येणं सोडलं होतं. ते शिवऱ्याला एकटेच राहतात. मोबाईल बंद. अजित जाऊन आला, त्याला दार उघडलं नाही. मग राजनंदिनीला घेऊन मी गेले. आतून आवाज आला, “बरा हाय, वहिनी. तुमीच लिवलंय न्हवं.”

त्यांचा नवा फॉर्म मी भरू शकत नाही. तो त्यांनीच भरायचा. गुरुवारची एक वेळ त्यांच्यासाठी ठेवलीय, असं ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. आमच्या हाकेला ते उठत नाहीत. तुम्ही हायवेनं जाणार असाल, तर शिवऱ्याला पंक्चरच्या दुकानामागची खोली विचारा. दार वाजवा. “बरा हाय” म्हणतील. तरी लगेच निघू नका, थोडं थांबा.