वालींच्या बैठकीतला दल्ला

रविवारी सकाळी साडेदहा वाजता शरीफने कॉफीचा भरलेला पेला गालिच्यावर ठेवला. त्याने तो तोंडाला लावला नाही. बैठकीतली कुजबुज थांबली.

मित्रांनो, मी एक जुना दल्ला आहे, म्हणजे कॉफीची लांब चोचीची पितळी किटली. ओमानच्या किनाऱ्यावरच्या एका विलायतीत मी काम करतो. इथे तालुक्याला विलायत म्हणतात आणि सुलतानांच्या वतीने तिचा कारभार पाहणाऱ्याला वाली. निझवाच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवले. तेव्हाचे वाली पाहुण्यांना माझी चोच कौतुकाने दाखवत. आताच्यांनी माझ्याकडे कधी नीट पाहिलेले नाही. माझी कल्हई उडाली आहे, झाकण डुगडुगते. गर्दी असली की कॉफी वाढणारा नूरुद्दीन थर्मासच उचलतो.

वालींनाही सवड नसते. भिंतीवर सुलतानांची तसबीर, तिच्याखाली वाली, दोन्ही बाजूंना लोक. विहीर, कुंपण, हरवलेला उंट, भावाभावांचे भांडण, सगळे त्यांच्यापुढे येते. ते ऐकतात, समेट घडवतात. समेट होत नाही तेव्हा लोक कोर्टात जातात आणि जाताना वालींनाच बोल लावतात. हुकूम वरून येतो, गाऱ्हाणे खालून. संध्याकाळी वाली उठतात तेव्हा माझ्याइतकेच रिते दिसतात.

इथे एक रीत आहे. मागणे घेऊन आलेला माणूस कॉफी खाली ठेवतो. यजमान "पी" म्हणाला की पितो. ते म्हणणे म्हणजे दिलेला शब्द.

शरीफ दाभोळचा. बोटींची इंजिने दुरुस्त करतो. किनाऱ्यावरची त्याची शेड नव्या रस्त्यासाठी पाडणार आहेत. त्याला पाण्यालगत दुसरी जागा हवी. ती मिळाली नाही तर धंदा बंद, धंदा बंद झाला की व्हिसा संपला, मग तो आणि त्याची बायको रहिमा दोघेही परत दाभोळला.

आधीच्या रविवारीही तो आला होता. पेला हातात पडताच त्याने एका घोटात संपवला. वालींना वाटले, सहज भेटायला आला आहे. ते पुढच्या माणसाकडे वळले.

"शरीफभाय, पिऊन टाकलीस?" नूरुद्दीनने दाराबाहेर त्याला गाठले. "झाला तुझा काम."

"आपल्याकडे दिलेला तसाच ठेवला तर यजमानाला राग येतो."

"ही काय तुझी सासुरवाडी नाय. पुढच्या रविवारी तोंडाला कुलूप लावून ये."

या रविवारी म्हणूनच तो पेला खाली राहिला. वालींनी पेल्याकडे पाहिले, मग शरीफकडे.

"सांग."

शरीफने सांगितले. वालींनी डोळे चोळले. "रस्ता मी आखलेला नाही, शरीफ."

"ठाऊक आहे, शेख. पण मला भेटणारे तुम्हीच आहात."

"पी" म्हणायला काही लागत नव्हते. वाली ते म्हणाले नाहीत. "इन्शाल्ला म्हणून तुला वाटेला लावता येईल," ते म्हणाले. "तसे लावलेले बरेच जण बाहेर बसले आहेत." मग त्यांनी आपलाही पेला खाली ठेवला. "उद्या मी स्वतः राजधानीत, अल् खुवैरला जातो, मंत्रालयात. ठेकेदाराला दोन दिवस थांबायला सांगतो. त्यापुढचे माझ्या हातात नाही."

शरीफ न पिताच उठला.

मित्रांनो, जुन्या भांड्याला चिंच लावून घासा, कल्हई करा, ते पुष्कळ वर्षे साथ देईल. पण तुमच्यासमोर कोणी भरलेला पेला तसाच ठेवून बसले असेल, तर घासणे राहू द्या. आधी त्याचे काम विचारा. आणि करता येणार नसेल तर तसे सांगा.

सोमवारी दुपारी दीड वाजता मंत्रालयातून नूरुद्दीनला वालींच्या ड्रायव्हरचा, हमझाचा, फोन आला. वाली एका मोठ्या अधिकाऱ्यापुढे बसले होते. दार उघडे होते, त्यामुळे हमझाला आतले दिसत होते.

"त्यांच्यापुढे कॉफी ठेवली आहे," तो म्हणाला.

"प्यायले?" नूरुद्दीनने विचारले.

"अजून नाही."