माहुताचा आंगठा

हत्ती अंकुशावर चालतो असं बघणाऱ्याला वाटतं. अंकुश माहुताच्या हातात असतो खरा, पण काम करतात ते पाय. मानेवर बसायचं, गळ्यातल्या दोरात पाय अडकवायचे आणि कानामागं आंगठा रोवायचा. तो कुठं रोवला, किती जोरानं रोवला, त्यावर हत्ती वळतो, थांबतो, खाली बसतो.

कोल्हापूर दरबारच्या हत्तीखान्यात मीरासाब हे काम पोरवयापासून करत आला होता. त्याचा बापही तिथलाच माहूत. महाराज गादीवर आले त्या सुमाराला रूपकळी नावाची हत्तीण हत्तीखान्यात दाखल झाली आणि मीरासाबच्या ताब्यात आली. तेव्हापासून तिच्या मानेवर दुसरा कुणी बसला नव्हता. शहरातून प्लेगच्या साथी येऊन गेल्या, माणसं माळावर झोपड्या घालून राहिली, परत आली, पण या दोघांचा रोजचा नेम काही मोडला नाही.

पन्नाशी जवळ आली तसा मीरासाबचा उजवा आंगठा वाकडा होऊ लागला. आधी तो शेजारच्या बोटाकडं कलला, मग त्याच्यावर चढला. बुडाशी हाडाची गाठ वर आली, लाल आणि टणक. चप्पल घालवेना. बायकोनं, फातिमानं, बिब्ब्याचा चटका दिला, एरंडाची पानं बांधली, पण गाठ हटेना. आंगठा रोवला की कळ मांडीपर्यंत जायची. मीरासाबनं हे कुणाला सांगितलं नाही. अलीकडं तो उजवीकडचा आंगठा नुसता टेकवायचा. रूपकळी शहाणी, तेवढ्यानंही समजून घ्यायची.

एका बाजाराच्या दिवशी मात्र तिला समजलं नाही. नदीवरून परत येताना गल्लीच्या तोंडाशी एक बैल बुजून आडवा आला. मीरासाबनं तिला थांबवायला दोन्ही आंगठे रोवले. डावा बसला. उजव्यातून अशी कळ गेली, की पाय आपसूक मागं आला. अर्धाच हुकूम मिळालेली हत्तीण गोंधळून बाजूला वळली आणि रस्त्याकडेला मांडलेल्या कुंभारणींच्या मडक्यांत शिरली. खापऱ्यांचा ढीग झाला. धोंडुबाई नावाची म्हातारी कुंभारीण उठता उठता पडली आणि तिचा हात कोपरात मोडला.

हत्तीखान्याच्या दरोग्यानं, आकारामनं, चौकशी केली. बैल बुजला होता हे सगळ्यांनी सांगितलं. मीरासाबवर बोट कुणी ठेवलं नाही. त्याला मात्र जेवण जाईना. चार दिवसांनी तो लंगडत कुंभार गल्लीत गेला. धोंडुबाई पडवीत बसली होती, हाताला कामट्या बांधलेल्या.

"आक्का, बैलाचा दोष न्हाय," तो म्हणाला. "हत्तिणीचाबी न्हाय. माजा आंगठा दुकतोय. म्या दाबलाच न्हाय."

म्हातारीनं त्याच्या पायाकडं बघितलं.

"कवापास्नं दुकतोय?"

"झाली की तीन-चार वरसं."

"आनि तसाच वर बसतुयास?"

मीरासाबनं दुखरा पाय मागं ओढला.

"माजा हात हाय म्हातारीचा. जुळला तर जुळला," धोंडुबाई म्हणाली. "तितं मडक्यांपाशी माजी नात बसती रोज. त्या दिशी ताप आला म्हून घरात हुती. एवढं डोस्क्यात ठेव आन् जा."

तिचा आवाज चढला नव्हता, पण मीरासाबला घरापर्यंतची वाट कशी सरली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दरबारच्या दवाखान्यात जाऊन बसला.

तिथले शस्त्रक्रियेचे डॉक्टर टेंगशे मुंबईहून शिकून आलेले, कमी बोलणारे. त्यांनी आंगठा हातात घेऊन हळूहळू फिरवला. मीरासाबनं दात आवळले.

"गाठीचं हाड तासून काढता येईल," डॉक्टर म्हणाले. "सांध्यातलंही थोडं कापावं लागेल, तरच आंगठा सरळ होईल. भूल देऊ, कापताना कळणार नाही. नंतर मात्र सोसावं लागेल. पहिले काही दिवस पाय ठणकेल, सुजेल. महिना-दीड महिना नीट चालता यायचं नाही. सूज तर त्याच्याही पुढं राहील."

"ते सोसंन. हत्ती हाकाय यील का, साहेब?"

डॉक्टरांनी त्याचा पाय खाली ठेवला.

"चालता येईल. चप्पल घालता येईल. आजच्यासारखं दुखणार नाही. पण सांधा कापल्यावर आंगठ्याला पहिला जोर राहत नाही. तुझ्या कामाला लागतो तेवढा राहील की नाही, ते मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू?"

"आन् न्हाय कापलं तर?"

"वाढत जाईल."

फातिमाला हे पटलं नाही. चुलीपुढं बसून ती लाकूड आत सारत राहिली. मग म्हणाली, "दुकनं सोसलं म्हून कुनी मरत न्हाय. हाय तो जोरबी घालवून काय मिळवायचं?"

"म्या न्हाय मरायचा," मीरासाब म्हणाला. "दुसरं कुनीतरी मरंल."

दवाखान्यात जायच्या दिवशी फातिमानं त्याचे दोन्ही पाय कोमट पाण्यानं धुतले.

नाकावर कापड आलं, गोडसर उग्र वास आला, आणि मीरासाब कुठंतरी खाली बुडत गेला. जागा झाला तेव्हा पाय उशांच्या ढिगावर उंच ठेवलेला, पट्ट्यांत गुंडाळलेला, खाली लाकडी फळी. संध्याकाळपर्यंत भुलीचा अंमल उतरला आणि कुणीतरी पाय उखळात घालून कांडत बसावं तसा ठणका सुरू झाला. दोन दिवस त्याला काही सुचलं नाही. पाय जरा खाली घेतला की सगळं रक्त धावून आंगठ्यात यायचं. डॉक्टरांनी सांगितलं तसंच सगळं होत होतं, आणि त्याचाच त्याला आधार वाटत होता.

धाकटा भाऊ सिकंदर भेटायला आला. रूपकळीचं काम आता त्याच्याकडं होतं.

"खाती का न्हाय?" मीरासाबनं विचारलं.

"खाती की. पयल्या दिशी जरा आडली. मग ऐकाय लागली."

"तुज्या पायाचं?"

"व्हय."

"ब्येस झालं," मीरासाब म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. हत्तीण अन्नपाणी सोडील असं त्याला वाटलं नव्हतं. तरी आत काहीतरी तुटलं. ते ठणक्यापेक्षा जास्त दुखलं.

टाके निघाले. पट्टी सुटली तेव्हा काळीनिळी सूज होती, पण आंगठा सरळ होता. थोडा आखूड झालेला. मग टाचेवर चालणं आलं, काठी आली. "रोज हातानं वाकव, नाहीतर लाकूड होईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी आल्यावर फातिमा त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि आंगठा वर-खाली करायची. तो उशीचं टोक दातात धरायचा. बाहेर पावसाची झड लागलेली असायची. पावसाळा सरत आला तेव्हा सूज ओसरली आणि काठी सुटली.

भादव्यात तो हत्तीखान्यात गेला. रूपकळीनं सोंडेनं त्याला खांद्यापासून पायापर्यंत हुंगलं. ती खाली बसली, तो मानेवर चढला, दोरात पाय घातले. आकाराम आणि सिकंदर बाजूला उभे होते.

डावीकडं आंगठा रोवला. हत्तीण वळली. उजवीकडं रोवला. ती उभीच राहिली. त्यानं सगळा जीव पायात आणून पुन्हा दाबलं. कळ आली नाही. पण आंगठा ओल्या मातीसारखा मागं गेला आणि रूपकळीचा कान नुसता हलला, माशी बसावी तसा.

"अंकुश लाव की," आकाराम खालून म्हणाला. "तिला आपसूक सवय हुईल."

"हितं हुईल, दरोगासाहेब. गर्दीत बैल आडवा आला तर?"

त्यानं दोन्ही हातांचे तळवे तिच्या डोक्यावर टेकवले. मग तिला बसवून खाली उतरला आणि अंकुश भावाच्या हातात दिला.

"चड."

"दादा, आनि महिनाभर बग की. जोर यील."

"यायचा न्हाय. मला ठावं हाय. चड तू."

सिकंदरचे डोळे भरले होते. मीरासाबचे कोरडे होते. ते रात्री फातिमापुढं वाहिले, आणि तिनं ते वाहू दिले.

आकारामनं त्याला हत्तीखान्यातून जाऊ दिलं नाही. दसऱ्याच्या स्वारीत हत्तीपुढं चालून वाट मोकळी करायचं काम त्याला दिलं. राजवाड्यापासून सोनं लुटायच्या माळापर्यंत दुतर्फा माणसं लोटली होती. मीरासाब हातात काठी घेऊन पुढं चालला. पोरं रस्त्यात येत, त्यांना तो मागं सारी. मागं रूपकळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. एकदा घंटा थांबली. काय झालं म्हणून तो वळला. रूपकळीच्या समोरून एक म्हातारा रस्ता ओलांडत होता आणि सिकंदरनं तिला वेळेवर थांबवलं होतं. मीरासाबनं म्हाताऱ्याला हाताला धरून पलीकडं नेलं आणि परत पुढं येऊन चालू लागला.

माळावर पोचल्यावर, सोनं लुटायची गर्दी उसळली तेव्हा, त्याच्या ध्यानात आलं, की एवढ्या वाटेत आपल्याला पायाची आठवणसुद्धा झाली नाही. तो तिथंच उभा राहिला. मग रूपकळीला पाणी पाजायची वेळ झाली होती म्हणून बादली आणायला गेला.