कोऱ्या कापडावरचा डाग

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. इथे 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. पण तुम्ही माझे मित्र आहात असं मी अजिबात धरून चाललेलो नाही. तुमच्या हातात फोन असतो. ताटाचे, पायांचे, आरशातल्या स्वतःच्या तोंडाचे तुम्ही दिवसभर फोटो काढता आणि पुन्हा एकदाही उघडून बघत नाही. अशा लोकांपासून मी चार हात लांबच बरा. तरीही माझी हकिगत तुम्हाला सांगणार आहे, कारण ज्यांनी ती ऐकून घ्यायला हवी होती त्यांना ती सोयीची नव्हती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायांनी माझे भाग जुळवले आणि शेवटी डोक्यावर एक गोल चकती बसवली. त्या चकतीवर बारीक चित्रं होती. डोंगर म्हणजे निसर्ग, फूल म्हणजे जवळची वस्तू, आणि अगदी शेवटी एक छोटा कागद. कागद म्हणजे 'मजकूर' मोड. तो कचेरीतल्या लोकांसाठी केलेला. फळ्यावरचं किंवा छापील पानावरचं काही टिपायचं असलं की चकती तिथे फिरवायची. मग अक्षर काळंकुळकुळीत येतं आणि कागद पांढराफेक. मधलं काही नाही. करडी छटा समोर आली की मी तिला विचारतो, बाई, तू काळी की पांढरी? आणि उत्तराची वाट न बघता तिला एका बाजूला ढकलून देतो. माझा स्वभावही तसाच झाला असेल, तर त्यात माझा काय दोष?

मला विकत घेतलं एका म्हाताऱ्याने. त्याचा कापडावर छपाई करण्याचा छोटा कारखाना होता. पिशव्या, उशांचे अभ्रे, पडदे असा माल. घराच्या मागच्या लांब खोलीत एक भलंमोठं टेबल आणि त्यावर ताणलेलं कापड. लाकडी चौकटीला बारीक जाळी ठोकलेली असते. चित्रात जिथे काळं असेल तिथून शाई खाली उतरते, जिथे पांढरं असेल तिथे अडते. त्या जाळीलाही माझ्यासारखंच करडं काही समजत नाही. जाळीवर शाई ओतायची आणि रबराच्या रुंद पट्टीने ओढायची. टेबल एवढं रुंद, की एका माणसाचा हात पुरत नाही. एकाने अर्ध्यापर्यंत पट्टी ओढत आणायची, समोरच्याने ती तिथेच झेलायची आणि आपल्याकडे ओढून घ्यायची. मध्ये पट्टी थांबली की कापडावर आडवी रेघ उमटते आणि माल वाया जातो.

म्हाताऱ्याने मला हाताने काढलेल्या नक्षीचे फोटो काढायला आणलं होतं. पण एकदा चकती मजकुरावर राहिली आणि त्याने चुकून जिन्याच्या कठड्याचा फोटो काढला. कठडा राहिला, भिंत गायब, वर्षानुवर्षांचे पोपडे गायब. म्हातारा लहान पोरासारखा नाचायला लागला. मग त्याने काही सोडलं नाही. फणी, काटेचमचे, खुर्चीची सावली, तारेवर बसलेले पक्षी, भिंतीला गेलेली चीर, सगळं त्याने माझ्यासमोर धरलं आणि सगळं कापडावर छापलं.

"बघ, नको ते सगळं यात गळून जातं," तो बायकोला म्हणायचा.

"तुमचं टक्कलही गळालंय," ती म्हणाली. खरंच होतं. त्याचा फोटो काढला तेव्हा टक्कल मागच्या पांढऱ्या भिंतीत विरघळलं होतं, आणि उरले होते फक्त चष्मा, मिश्या आणि दोन नाकपुड्या. बायकोने तोच फोटो अभ्र्यावर छापून घेतला. नवरा उशीवर असलेलाच बरा, उलटून बोलत नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते अभ्रे हातोहात खपले. लोक मला बघायला यायचे. मी कुणाचा नाही, पण त्या म्हाताऱ्याचा होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

म्हातारा गेला. त्याचे दोघे मुलगे माल पोचवायला गावोगाव फिरायचे, त्यामुळे कारखाना त्याच्या बायकोच्या आणि दोन सुनांच्या हाती आला. या दोघी जावा. थोरली आणि धाकटी. दोघी एकमेकींना पाण्यात पाहायच्या. टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहायच्या, पट्टी या हातातून त्या हातात द्यायच्या आणि दिवसभरात एक शब्द बोलायच्या नाहीत. बोललंच तर ते सासूला उद्देशून, आणि मुद्दाम मोठ्याने. "आई, काही लोकांना जाळी धुवायची म्हणजे नुसती भिजवायची असं वाटतं." मग दुसरी बाजू. "आई, काही लोकांना नाकाने कांदे सोलायची सवयच असते."

सासूबाई कंटाळली. तिची नजर फार अधू झाली होती. कापडावरचं काम तिला सगळं धुरकट दिसायचं. फक्त माझे मजकूर मोडमधले फोटो मोठे छापून दिले, की काळं आणि पांढरं तिला स्वच्छ ओळखू यायचं. एके दिवशी तिने दोघींना समोर बसवलं.

"तुमची तोंडं मला ऐकायची नाहीत," ती म्हणाली. "चूक झाली की फोटो काढून दाखवा. जिची मोठी चूक निघेल, किंवा जी खोटं बोलेल, तिने कारखान्यातून बाहेर व्हायचं आणि घर सांभाळायचं. मग तिच्या जागी मी बाहेरची बाई ठेवीन."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलीला घर आवडायचं, कारखान्यातून बाहेर पडावं लागलं असतं तर तिचा फक्त मान गेला असता. धाकटीचं तसं नव्हतं. त्या घरात तिला कुणी काही विचारत नसे. तिचं सगळं काही त्या टेबलापाशी होतं. शाई कधी घट्ट झाली, कधी पातळ, हे तिला वासावरून कळायचं. ती जागा गेली असती तर ती नुसती भाकरी थापत आणि भांडी घासत उरली असती.

आणि मित्रांनो, त्या दिवसापासून मी शिपाई झालो. म्हाताऱ्याने ज्या मोडमधून पक्षी टिपले, त्याच मोडमधून आता सांडलेली शाई, वाकडी घडी, न धुतलेला डबा टिपला जाऊ लागला. दोघी डोळ्यांत तेल घालून एकमेकींच्या चुका शोधायच्या. त्यातही एक गंमत होती, आणि ती फक्त मला माहीत होती. थोरलेपणाच्या हक्काने थोरलीने पिवळा आणि फिकट निळा रंग स्वतःकडे ठेवले होते. काळा रंग धाकटीचा, कारण काळ्याने हात घाण होतात. आता मजकूर मोडमध्ये फिकट पिवळा आणि फिकट निळा मला पांढरेच दिसतात. थोरलीने टेबलभर पिवळा सांडला तरी फोटोत टेबल लख्ख. धाकटीच्या बोटावरचा काळा ठिपका मात्र ठळक. सासूबाईसमोर धाकटीच्याच चुकांचा ढीग वाढत गेला. मी तोंड असूनही मुका. माझ्याकडे कुणी काही विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी काय झालं असतं, तुम्हीच सांगा.

मग एका सभागृहाच्या पडद्यांचं काम आलं. मोठं काम होतं. पांढऱ्या कापडाची लांबच लांब पट्टी टेबलावर ताणली होती आणि धाकटी तिची तपासणी करून नुकतीच जाळी आणायला गेली होती. दुपारची वेळ. थोरलीच्या मागच्या खिडकीच्या मळक्या काचेतून ऊन येत होतं. तिने मला उचललं, चकती मजकुरावर फिरवली आणि कापडावर वाकून फोटो काढला. माझ्या पाठीवरच्या काचेत बघितलं तर कापडाच्या मधोमध काळा डाग!

थोरली ओरडली. डाग वाळायच्या आत काढावा म्हणून तिने ते कापड उचलून सरळ पाण्याच्या टाकीत बुडवलं. कापड बाहेर आलं ते स्वच्छ. आता उरला फक्त माझा फोटो. तिने जाणूनबुजून केलं असं मी म्हणणार नाही. तिला महिनोन्महिने जे हवं होतं ते समोर दिसलं, तिने दुसऱ्यांदा बघितलं नाही, एवढंच.

सासूबाईने फोटो मोठा करून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. "दिसतोय," ती म्हणाली. "एवढा मोठा डाग. पडद्याच्या कापडावर."

"आई, कापड कोरं होतं," धाकटी म्हणाली. "मी हात फिरवून बघितलं होतं."

"मग हा फोटो काय बोलतोय? उद्यापासून तू घरात. कारखान्याची किल्ली थोरलीकडे दे."

धाकटी रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मी तर तयारीतच होतो. तिने तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, उद्या दुपारी एक फोटो काढू द्या. जाऊबाईंनीच काढायचा. मग मी किल्ली ठेवून जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने नवंकोरं कापड उलगडलं. सासूबाईला हात लावून बघायला लावलं. दोन्ही हातांनी सासूबाईने ते चाचपलं, वास घेतला. कोरडं, स्वच्छ, कोरं.

"जाऊबाई, काल उभ्या होतात तिथेच उभ्या राहा. कॅमेरा तसाच धरा."

"हे काय नाटक आहे?"

"काढा ना. तुमचं काय जातंय?"

थोरलीने नाक मुरडलं आणि फोटो काढला. धाकटीने तो मोठा छापून आणला आणि सासूबाईच्या हातात दिला. कोऱ्या कापडावर काळा डाग होता. तसाच, त्याच जागी. सासूबाईने तो खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. आणि मग तिने डागाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे एक बारीक काळी काडी बाहेर आली होती.

"ही करंगळी आहे," ती म्हणाली. "करंगळी उचलून कॅमेरा कोण धरतं?"

थोरलीने आपल्या हाताकडे बघितलं. उन्हात तिच्या हाताची सावली कापडावर पडली होती. उघड्या डोळ्यांना ती जेमतेम दिसत होती, करडी, पुसट. पण मला करडं चालत नाही. मी तिला काळ्यात ढकललं होतं आणि माझं काम चोख केलं होतं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत खरा फोटो होता तो. मी श्वास रोखून वाट बघत होतो. आता न्याय होणार, आणि तोही माझ्यामुळे!

"म्हणजे डाग नव्हताच," सासूबाई सावकाश म्हणाली. "मग खोटं कोण बोललं?"

थोरलीने तो हात पाठीमागे लपवला. खोटं बोलेल तिने बाहेर व्हायचं, हे ती विसरली नव्हती. मी त्या बाईला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं आणि मला फार बरं वाटलं.

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मग टेबलाकडे, अजून छापायच्या पडद्यांच्या गठ्ठ्याकडे. आणि म्हणाली, "कुणी नाही आई. कॅमेराच बिघडलाय. नसलेलं दाखवतो."

थोरलीने मान वर केली. "हो," ती म्हणाली. "मलाही... मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं."

इतक्या वर्षांत दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे मी बिघडलोय! सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. सासूबाईने दोघींची तोंडं आळीपाळीने न्याहाळली. तिला कितपत दिसलं कोण जाणे. "मग ठेवून द्या त्याला फळीवर," ती म्हणाली, "आणि कामाला लागा." याला कुणी चांगुलपणा म्हणेल. म्हणा खुशाल. मी म्हणणार नाही.

माझी फळी टेबलाच्या वरच आहे. तुटलेल्या पट्ट्या, वाळलेल्या शाईचे डबे आणि मी. कुणी माझी बॅटरी काढली नाही. ती पोटातच फुगली आणि गळली. तेवढं तरी शिका, मित्रांनो. एखादी वस्तू वापरायची नसेल तर तिची बॅटरी काढून ठेवा, आणि तिला बिघडलेली म्हणण्याआधी आपण उभे कुठे आहोत ते बघा. मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. तुमच्याकडून तेवढी अपेक्षाच नाही.

खाली काम जोरात चालू आहे. धाकटीने त्या हाताच्या सावलीची जाळी बनवली आणि पिशव्यांवर छापली. पाच बोटं आणि उचललेली करंगळी. लोक विचारतात, कुणाचा हात? दोघीही पिशवीची किंमत सांगतात. थोरली अर्ध्यापर्यंत पट्टी ओढते, धाकटी झेलते, आणि आडवी रेघ पडत नाही. अजूनही त्या फारशा बोलत नाहीत. परवा मात्र थोरलीने काळ्या शाईचा डबा स्वतः उचलला आणि पिवळा धाकटीसमोर सरकवला.

काल जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती तेव्हा थोरली स्टुलावर चढली. तिने मला खाली घेतलं आणि बाहीने माझी काच पुसली. माझं बटण दाबून बघितलं. मी कसला चालू होतोय! तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तू बिघडला नव्हतास. मला माहितीये. तिलाही माहितीये. पण हे कुणाला सांगू नकोस."

म्हणून तर, मित्रांनो, मी तुम्हाला सगळं सांगून टाकलं.