एका छपराखालची दोन घरे

निर्वाह-साहाय्याचा नवा नियम लागू झाला, तेव्हा त्या घरातील दोन जावांना आयुष्यात प्रथमच एका गोष्टीवर एकमत करावे लागले. आणि ती गोष्ट म्हणजे, आपले एकमेकींशी मुळीच पटत नाही.

जुना नियम सरळ होता. बाई विधवा, पदरात मुली आणि मिळकत तुटपुंजी, एवढे सिद्ध झाले की दरमहा साहाय्य मिळे. धाकटीचा संसार त्याच आधारावर तग धरून होता. ती लाँड्रीत दिवसभर हॉटेलच्या चादरींना इस्त्री करीत असे. वाफेने तिच्या मनगटांची कातडी रापून चिवट झाली होती. तथापि त्या मजुरीत मुलींची शाळा आणि पोट ह्या दोहोंची तोंडमिळवणी होत नसे. आता नवा नियम असे म्हणत होता की, एका छपराखाली राहून जे एकमेकांना अन्नाने वा पैशाने पोसतात, ते सर्व एक कुटुंब. आणि सर्वांची मिळकत एकत्र धरली जाईल. धाकटी माडीवर राहत होती. खाली थोरले दीर राहत होते, आणि ते पाणीपुरवठा खात्यात कायम नोकरीतले पंपचालक होते. त्यांचा पगार तिच्या नावापुढे चढला, की साहाय्य बंद.

थोरलीला धाकटीचा कळवळा नव्हता. साहाय्य बंद पडले तर ह्या तिघी आपल्या गळ्यात पडतील, ही तिची धास्ती होती. म्हणून सरकारी तपासनीस घर पाहायला येणार होता त्या दिवशी तिने जिन्यातच धाकटीला गाठले.

"नीट ऐक गं. साहेब आला की तू तुझी, मी माझी. मी तुला ओळखतसुद्धा नाही."

"त्यात नवीन काय, जाऊबाई?"

"दात काढू नकोस. तो आला की भांडायचं. चांगलं कडकडून."

"सराव करायला नको आपल्याला."

दीर चपला शोधू लागले. "मी पंपावर जाऊन येतो जरा."

"मुकाट बसा," थोरली म्हणाली.

तपासनीस आला. गल्लीत त्याला टाचणी म्हणत, कारण तो दिसायला बारीक होता आणि जिथे बसेल तिथे टोचत असे. त्याने माडी पाहिली. वेगळी शेगडी, वेगळी भांडी, दाराला वेगळे कुलूप. मग तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला, जणू दोन्ही घरांच्या सीमेवरचा पहारेकरीच.

"देवाणघेवाण?"

"हिच्याशी?" थोरली उसळली. "हिच्या हातचं पाणी घेणार नाही मी!"

"आणि मी यांच्या दारात उभी राहणार नाही," धाकटी म्हणाली.

टाचणीने मान हलवली. पेनाला टोपण लावले. धाकटीच्या छातीवरचा धोंडा अर्धा उतरला. वस्तुतः तिने इथेच थांबावयास हवे होते. परंतु काम पक्के व्हावे म्हणून तिने आणखी एक वाक्य जोडले.

"साहेब, माझा माणूस गेला तेव्हापासून यांनी मला एक दाणा दिलेला नाही."

ह्याहून उपयोगी वाक्य त्या घरात कोणी बोलू शकले नसते. परंतु परक्या माणसासमोर आपण आजवर दिलेले सगळे कोणी पुसून टाकावे, हे थोरलीला सहन होणारे नव्हते. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"एक दाणा नाही? अगं ए! जीभ झडेल तुझी! दर महिन्याचं तेल कुठनं येतं तुझ्याकडे? तुझ्या पोरींच्या अंगावरचे कपडे कुणाचे?"

"जाऊबाई," धाकटी डोळ्यांनी विनवू लागली, "साहेब बसलेत."

"बसू दे! ऐकू दे! तुझा नवरा अंथरुणावर होता तेव्हा औषधं कुणी आणली? ह्यांनी! स्वतःच्या पोराची फी थांबवून!"

दीर खोकले. खोकल्याने काही थांबले नाही.

मेलेल्या नवऱ्याचे नाव निघाले आणि धाकटीचाही तोल सुटला. साहाय्य, नियम, टाचणी, सगळे तिच्या डोळ्यांपुढून नाहीसे झाले.

"आणि तुमचं पोट फाडलं तेव्हा? तुम्हाला उठवत, बसवत कोण होतं? लाँड्रीतनं आले की सरळ तुमच्या शेगडीपुढे! तुमच्या नवऱ्याचं, तुमच्या पोराचं, सगळ्यांचं ताट मी वाढलं!"

"मग काय उपकार केलेस? घरातलीच ना तू!" थोरली ओरडली. हे वाक्य तिने शिवीसारखे तोंडावर फेकले.

टाचणीने टोपण काढले होते. तो सावकाश लिहीत होता.

"साहेब," धाकटीचा आवाज चिरकला, "त्या रागात बोलल्या."

"मी राग लिहीत नाही, बाई. तेल लिहिलं, कपडे लिहिले, औषधं लिहिली, ताटं लिहिली. एक कुटुंब." तो उठला, कपडे झटकले. "आणि परकी माणसं एवढं भांडत नाहीत."

टाचणी जिना उतरून गेला. मग थोरलीच म्हणाली, "मला चोर ठरवलंस तू. चारचौघांत."

"तुम्हीच म्हणालात ना, भांडायचं म्हणून?"

"भांड म्हटलं. एवढं खोटं बोल नव्हतं म्हटलं!"

"खरं बोलून माझं काय झालं, बघितलंत?"

धाकटी माडीवर गेली. संध्याकाळ होत आली होती, मुली शाळेतून आल्या होत्या. तिने तांदळाचा डबा काखेत मारला, मुलींना पुढे घातले आणि खाली उतरून थोरलीच्या स्वयंपाकघरात शिरली. दीर जेवायला बसण्याच्या बेतात होते.

"भाऊजी, सरका जरा."

"हे काय?" थोरलीने पळी उगारली.

"कुटुंब," धाकटी म्हणाली. "सरकारनं ठरवलंय. मी कोण बोलणारी?"

"आमच्यापुरतंच शिजवलंय मी!"

"मग आणखी शिजवा. तांदूळ आणलेत. उद्यापासून तेही नसतील."

मुली भिंतीला पाठ लावून बसल्या. थोरलीने डब्याचे झाकण उघडून आत पाहिले. मग तिने फळीवरची तीन ताटे ओढली आणि एकेक करून जमिनीवर आदळली, असा आवाज करून की शेजारच्या घरातले बोलणे थांबले.