चौऱ्याहत्तर समजा

माझ्या नवऱ्याला त्याच्या कारखान्यात 'समजा' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला माहीत आहे. बागेतली मुलांची खेळणी आखणं हे त्याचं काम. लोखंड कापायला आणि जोडायला वेल्डर आहेत, हा कागदावर आखतो. झोका असो की घसरगुंडी, आधी तो एक जाड वही उघडतो, पानाच्या मधोमध उभी रेघ मारतो, डावीकडे लिहितो 'समजा' आणि उजवीकडे 'उपाय'. समजा टोपीची नाडी बोल्टात अडकली तर? उपाय: बोल्टाचं डोकं आत बुडवा. समजा उन्हाने पत्रा तापला तर? समजा एखाद्याचं डोकं गजांतून आत गेलं आणि कानांमुळे बाहेर येईना तर? असं पानंच्या पानं.

यात वाईट काही नाही. मी इस्पितळात एक्स-रे काढते. बागेतून थेट आमच्याकडे येणारी मुलं रोज बघते. बारा वर्षांत याच्या खेळण्यावरून पडलेलं एकही मूल माझ्या टेबलावर आलेलं नाही. हे मी लेखी द्यायला तयार आहे.

पण वही मिटली तरी याचं डोकं मिटत नाही, तिथे माझा वैताग सुरू होतो. समजा गॅस चालू राहिला असेल तर? कोपऱ्यापर्यंत गेलेला माणूस परत. समजा कुलूप नीट लागलं नसेल तर? परत. मला कामावर दिवसातून सहा फोन. "काही नाही गं, सहज." सहज! एकदा मी पेशंटला 'श्वास रोखून धरा' म्हणाले आणि फोन वाजला. तो बिचारा श्वास रोखून उभा, आणि मी इकडे शपथेवर सांगतेय की गॅसचा कॉक बंद आहे. नवऱ्याच्या छातीत धडधडतं, तळहात ओले होतात, दोन घास खाल्ले की ताट बाजूला. मला त्याची दया येते आणि त्याचा कंटाळाही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी येतं हे मी आता लपवत नाही.

शेवटी मी त्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तासभर ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे दुखणं आहे, यावर उपचार आहे, या तुम्ही. त्यानंतर याने तीन वेळा ठरलेली वेळ रद्द केली. चौथी गुरुवारी साडेचारची होती, तीही रद्द करायच्या बेतात होता.

"अगं, याच्यावरच तर माझं डोकं चालतं," तो म्हणाला. "भीती गेली आणि तिच्यामागोमाग डोकंही गेलं तर? समजा..."

"पुढे एक शब्द बोलू नकोस," मी म्हटलं.

त्याला हे खूळ देणारे घरातच होते. सासूबाईंनी वर्तमानपत्रातलं एक कात्रण फ्रिजवर चिकटवलं होतं: 'हुशार माणसं जास्त काळजी करतात.' येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते वाचून दाखवत. "मोठ्या बुद्धीची माणसं अशीच असतात हो!" माझा सख्खा मामा तीनदा नापास झाला आणि जन्मभर पालीला, पोलिसाला आणि बायकोला घाबरला. त्याने कुठला शोध लावला? आमचे मोठे सर्जन माणसाचं डोकं उघडून मिटवतात आणि जेवल्यावर खुर्चीत घोरतात. ते काय ढ? पण माझं कोण ऐकतंय. कात्रण छापील होतं, मी नुसती सून.

एवढ्यावरही मी निभावलं असतं. पण आमची मुलगी आहे, आठ वर्षांची. पोटात असताना इतकी फिरायची की नाव पडलं भिंगरी. गावभरची पोरं तिच्या बापाच्या घसरगुंड्यांवरून घसरतात, आणि भिंगरी एकीवरही कधी बसलेली नव्हती. बाप बोट सोडायचा नाही. "पुढच्या वर्षी, जरा मोठी झाली की." असं पाच वर्षं.

यंदा तिनेही सुरू केलं. "आई, समजा शाळेची बस मला न घेता गेली तर?" "आई, समजा तू वाट विसरलीस तर?" सहलीला गेली नाही. वर्गाच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात शेरा दिला, 'फार विचारी मुलगी.' सासूबाई म्हणाल्या, "खाण तशी माती! बापाची बुद्धी आहे," आणि तिच्या हातावर बिस्किट ठेवलं. पोरगी रात्री दोनदा उठून दाराची कडी बघते आणि हिला बिस्किट! मी मोरीत जाऊन बादली आपटली.

मग आला नव्या बागेचा रविवार.

त्या बागेसाठी याने तीन मजली मनोरा केला होता. आतून जाळीने चढायचं, मजल्यामजल्याला एक झुलतं दार, आणि टोकावरून बंद नळीतून गोल वळण घेत खाली. वहीत चौऱ्याहत्तर समजा झाले होते. दारं फक्त वरच्या बाजूला उघडत. समजा खाली उतरणाऱ्याने चढणाऱ्याच्या बोटांवर पाय दिला तर? आणि आत शिरायची वाट इतकी अरुंद की मोठं माणूस खांद्यालाच अडावं. समजा कुणी आई-बाप मूल मांडीवर घेऊन घसरले आणि मुलाचा पाय खाली मुडपला तर? हा समजा माझाच. तशा मोडलेल्या नडग्यांचे एक्स-रे मीच काढते आणि मीच त्याला सांगितलं होतं. मापासाठी कारखान्यातला सगळ्यात काटकुळा वेल्डर उभा केला होता.

सकाळी नऊला बाग उघडली. पोरं तुटून पडली. हा हातात पाना घेऊन झोक्याचे नट तपासत होता, तिसऱ्यांदा. भिंगरी माझ्या शेजारी उभी, नजर मनोऱ्यावर. तिची पायाची बोटं चपलेत हलत होती.

"जायचंय?" मी विचारलं.

"बाबा..."

"बाबांना मी बघते. जा."

गेली. मला इतका आनंद झाला की मी मदतीला आलेल्या त्या काटकुळ्या वेल्डरच्या पाठीत थाप मारली.

दोन मिनिटांनी वरच्या खिडकीत तिचं तोंड दिसलं. आणखी पाच मिनिटांनीही तिथेच. मागे पोरांची रांग तुंबली, आरडाओरडा सुरू झाला. ती नळीच्या तोंडाशी काठ घट्ट धरून बसली होती. मागे फिरावं तर दारं उलटी उघडत नव्हती. वर जाऊन तिला आणावं तर मोठं माणूस आत मावत नव्हतं. वेल्डरने खांदा घालून पाहिला आणि परत काढला.

"साहेब, कापू का?" त्याने विचारलं.

"काय कापू? वर मुलं आहेत!" नवरा ओरडला. पाना त्याच्या हातातून गळून पडला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि गिळलं.

"बाबा, समजा मी मध्येच अडकले तर?"

"नाही अडकणार, आतली रुंदी..." त्याने रुंदी सांगितली.

"समजा अंधारात श्वास नाही घेता आला तर?"

"भोकं आहेत बाळा, दर हातावर सहा."

"समजा वळणावर डोकं आपटलं तर?"

हा उत्तर देतोय, आणि त्या उत्तरातून ती पुढचा समजा काढतेय. मला असह्य झालं.

"अगं बाई, घसर ना एकदाची!" मी किंचाळले. "मोडला हात तर मोडला! सहा आठवड्यांत जुळतो!"

तिने वरून विचारलं, अगदी गणित विचारावं तसं, "आई, मी नाही घाबरले तर मी ढ होईन का?"

"काय?"

"आजी म्हणते हुशार माणसंच घाबरतात. फ्रिजवर पण लिहिलंय. माझ्या बाकावरची ती कशालाच घाबरत नाही, आणि तिला पाढे येत नाहीत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वर बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून पहिल्यांदाच समजा निघत नव्हता. मला त्याचा राग आला, सासूबाईंचा आला, त्या बिस्किटांचा आला. सगळ्यात जास्त माझा आला, की ते कात्रण मी पहिल्याच दिवशी फाडलं का नाही.

तो नळीच्या खालच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला आणि आत तोंड घालून बोलू लागला. आवाज घुमून वर जात होता, त्यामुळे अख्ख्या बागेने ऐकलं.

"भिंगरे, हे वळण आहे ना, ते मला घाबरून नाही सुचलं. घाबरलो होतो तेव्हा मी तीन महिने कोऱ्या कागदासमोर बसून होतो. आईला विचार. वळण सुचलं तेव्हा मी अंघोळ करत होतो. गाणं म्हणत होतो."

खरं होतं. भयंकर गाणं. टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता आणि ओल्या बोटाने आरशावर वळण काढलं होतं. मीच पुसू दिलं नव्हतं दोन दिवस. मलाही आठवायला ती नळी लागली.

"मग तू समजा का म्हणतोस?" वरून आवाज आला.

"सवय आहे. वाईट आहे. त्यातले कामाचे होते तेवढे मी या घसरगुंडीत घातलेत. चौऱ्याहत्तर. तुझ्यासाठी एकही उरला नाही."

"एकही?"

"एकही नाही."

मग नळीत सूंऽऽ असा आवाज झाला, त्यात एक किंकाळी, ती वळणावर हसण्यासारखी झाली, आणि पोरगी बापाच्या छातीवर येऊन आदळली. दोघं रबरी फरशीवर उताणे. एक चप्पल वरच राहिली होती.

"परत!" भिंगरी म्हणाली आणि एका पायात चप्पल घालून पळाली.

हा उठलाच नाही. तिथेच बसून रडत होता. पोरं त्याला वळसा घालून धावत होती. मी शेजारी बसले. बोलण्यासारखं खूप होतं. बारा वर्षांचं साठलेलं. त्याऐवजी त्याचा हात हातात घेतला. ती अकरा वेळा घसरली, आणि प्रत्येक वेळी त्याने माझा हात इतका दाबला की मला वाटलं आता माझाच एक्स-रे काढावा लागतो.

संध्याकाळी तो वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. मी खांद्यावरून डोकावले. डावीकडे लिहिलं होतं: '७५. समजा मूल वर जाऊन घाबरलं तर?'

चौऱ्याहत्तरांत हे नव्हतं. बोटं, नाड्या, कान, दात, तापलेला पत्रा, सगळं होतं. मूल नुसतं घाबरू शकतं हे या माणसाला सुचलंच नव्हतं. घाबरणारं मूल वर जातच नाही, बापाचं बोट धरून खाली उभं राहतं, अशीच त्याची समजूत असावी.

उजवीकडे उपाय होते दोन. 'दारं दोन्ही बाजूंनी उघडणारी करणे.' आणि त्याखाली, जरा वाकड्या अक्षरात: 'गुरुवार, साडेचार.'

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर याचं पेन पुन्हा डावीकडे सरकलं.

'७६. समजा डॉक्टरीणबाई गुरुवारी आल्याच नाहीत तर?'

मी त्याच्या हातातून पेन हिसकावून घेतलं आणि उजवीकडे लिहिलं, 'तर शुक्रवारी.'