नानांच्या जीपचे दिवे

गाडीला जास्तीचे पैसे घालून चांगले दिवे बसवावेत का, असं कुणी विचारलं तर मी समोरच्याला पुरतं बोलूही देत नाही. बसवावेत. टेप नको, सीटला मखमली कव्हर नको, मागच्या काचेवर पोरांची नावं नकोत, आधी दिवे. आमच्या ऑफिसातली माणसं माझ्या या ठामपणाला हसतात. हसू देत बापडी. त्यांनी आमच्या नानांची जीप पाहिलेली नाही.

नाना म्हणजे माझे सासरे, गोरक्षनाना. सायखेड्याला नदीच्या अंगाला आमची शेती, आणि शेतात बारमाही कोथिंबीर नाहीतर मेथी. पालेभाजीचा लिलाव नाशिकच्या मार्केटात संध्याकाळी होतो. त्यामुळे माल घेऊन जाताना ऊन आणि परतताना अंधार, हा नानांचा वर्षानुवर्षांचा नेम. जीप त्यांची स्वतःची, चालवायचेही स्वतःच. गावात त्यांना ‘जीपवाले नाना’ म्हणत आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

ही गोष्ट दोन हजार एकच्या हिवाळ्यातली. मी आणि माझा नवरा दिनेश नाशकात राहायचो, दोघंही अंबडला नोकरीला. अंबडच्या कारखान्यांना सुटी शनिवारची. शुक्रवारी कामावरून सुटलो की आम्ही मार्केटात जायचो आणि नानांच्या जीपमधूनच गावी यायचो.

त्या साली दसरा झाला, उसाची तोड सुरू झाली आणि रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आल्या. ज्यांनी त्या गाड्या अंधारात मागून पाहिल्यात त्यांना सांगायला नको. दिवा नाही, कंदील नाही, गाडीवान वर गाढ झोपलेला, बैल आपल्या हिशेबाने चाललेले. मागून दिसतो फक्त काळोखाचा एक जास्त काळा तुकडा. चांदोरीच्या पुढे नाना अशाच एका गाडीवर मागून गेले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण उसाची टोकं समोरची काच फोडून आत आली. नानांच्या शेजारची सीट रिकामी होती म्हणून निभावलं.

दिनेशने त्याच आठवड्यात पुन्हा विषय काढला. “नाना, आता चावी माझ्याकडं द्या. ड्रायव्हर ठेवू. तुमचे डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत.”

“डोळ्यांना काय धाड भरलीय?” नाना म्हणाले. “दिवे पिवळे पडलेत गाडीचे. मेणबत्ती बरी त्याच्यापेक्षा. चांगले दिवे टाक, मग बोल.”

“डॉक्टरला तरी दाखवा.”

“दिव्याला डॉक्टर लागत नाय. वायरमन लागतो.”

दोन वर्षं हेच चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की नाना उठून गोठ्यात जायचे. माझं मत विचाराल तर चूक दोघांचीही होती. दिनेशला वाटायचं दिव्यांवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात, आणि नानांना वाटायचं सगळा दोष गाडीचा. पण खरी गोष्ट दोघांनाही कळत होती. चावी गेली की नाना ओट्यावर बसणार. मार्केटातली उठबस गेली, व्यापाऱ्यांशी हुज्जत गेली, ‘जीपवाले’ गेलं. ओट्यावर बसलेले म्हातारे आमच्या गल्लीत कमी नव्हते, आणि नाना त्यांच्याकडे कधी धडपणे बघायचेही नाहीत.

शेवटी नानांनीच तोडगा काढला. “दिवे बसवायचे. माझ्या पैशांनी. महिनाभर चालवणार. फरक नाय पडला तर मी सोताहून चावी तुझ्या हातात ठेवीन.” नानांनी शब्द दिला की तो खाली पडत नसे. दिनेशने लगेच हो म्हटलं. त्याला निकाल आधीच ठाऊक होता ना.

दिवे बसवायला नानांबरोबर मी गेले. नाशकात द्वारका चौकात राजूचं दुकान होतं. राजूचं तोंड दिवसभर चालायचं आणि हात त्याहून जास्त. त्याने आधी निळसर बल्ब दाखवले, मग फॉगलाइटची जोडी, मग टपावर लावायची चार दिव्यांची पट्टी. नाना म्हणाले, “मला नाचायला न्यायची नाय जीप. रस्ता दिसंल असं दे.” मग राजूने शंभर वॅटचे हॅलोजन काढले आणि जुन्या वायरिंगवर ते टाकले तर वायर वितळेल म्हणून रिले आणि नवी जाड वायरही लागेल, असं सांगितलं. बेरीज दोन हजारांच्या वर गेली. मी नाक मुरडलं. मग त्याने समोरच्या गोदामाच्या भिंतीवर दिवे टाकले आणि माझं नाक सरळ झालं. भरदिवसा त्या भिंतीवर दोन पांढरे चट्टे उमटले होते.

पहिल्या दिवशी नाना घरी आले ते शीळ घालत. सासूबाई सांगतात, लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली.

सासूबाई, धोंडाबाई, शीळ ऐकून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा व्हायलाच हवी. मग ती मिक्सर असो की पाण्याची मोटर. त्यांनी दिव्यांना ओवाळलं, नारळ फोडला आणि दोन्ही दिव्यांच्या काचांवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. आमच्याकडे यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. दसऱ्याला गावातला प्रत्येक ट्रॅक्टर कपाळापासून चाकापर्यंत रंगलेला असतो आणि ते कुंकू कुणी पुसत नाही. वारा-पाऊस नेईल तेव्हा जातं.

महिना संपत आला. नानांची शीळ केव्हाच बंद झाली होती. फोनवर विचारलं तर म्हणायचे, “ठीक हाय दिवे,” आणि विषय बदलायचे. कारखान्यात जादा काम निघाल्याने त्या महिन्यात आमचं गावी जाणं झालंच नव्हतं. शेवटच्या शुक्रवारी आम्ही मार्केटातून त्यांच्याबरोबर निघालो. दिनेश पुढे बसला, मी मागे रिकाम्या पाट्यांत. चांदोरीला वळल्यावर दिनेश मान पुढे काढून रस्ता बघू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “नाना, हा दोन हजारांचा उजेड? आपले जुने बल्बच बरे होते की.”

नानांनी गिअर बदलला. मग म्हणाले, “उद्याचा माल टाकून येतो. मग घे चावी.”

मला फार वाईट वाटलं. भांडून हरलेला माणूस बघवतो, पण न भांडता हरलेला नाही बघवत.

घरी पोचलो तेव्हा फाटक उघडायला मी खाली उतरले. जीप चालू, दिवे गोठ्याच्या भिंतीवर. परवाच चुना दिलेली पांढरी भिंत, आणि तिच्यावर पडलेला उजेड तांबूस. मला आधी भिंतच तांबडी वाटली. मग मी जीपच्या पुढे येऊन वाकून बघितलं. काचांवर स्वस्तिक राहिलंच नव्हतं. अख्ख्या काचेला तांबड्या-काळ्या खरपुडीचा थर चढला होता. मी नख लावलं तर नख घसरलं.

तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात निरांजन, हळद, आणि वाटीत तेलात कालवलेलं कुंकू. शुक्रवार होता. त्यांनी बोट बुडवलं आणि त्याच थरावर नवं स्वस्तिक काढायला हात पुढे केला.

“आई, थांबा. दर शुक्रवारी काढता का हे?”

“दर शुक्रवारी आन् मंगळवारी. आन् अमावस्येला.”

“तेलात का कालवलंय?”

“दवानं जातं गं सविता, नुसतं. तेलातलं धरून राहतं.” मग त्यांचा आवाज खाली आला. “तू नव्हती तव्हा इथं. काचा फोडून ऊस आत आला होता. ते घरी येईस्तोवर माझ्या जिवात जीव नसतो.”

आता त्यांना काय सांगायचं? मी तोंडाळ बाई आहे, कंपनीत साहेबाला तोंडावर सुनावते. पण हे सुनावण्यासारखं नव्हतं. शंभर वॅटची धग आणि वर तेल. त्या बिचारीने नवऱ्याच्या काळजीने थोडा थोडा करून रस्त्यावरचा उजेड झाकला होता. आणि नानांना ते दिसत नव्हतं असं नाही. समोर उभं राहिलं की कुणालाही दिसत होतं. पण देवाचं कुंकू पुसायचं कुणी? आणि बायकोला ‘काढू नको’ म्हणायचं कुणी? नाना शब्दाला जागून चावी देऊन मोकळे झाले असते, पण हे बोलले नसते.

मी सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना गोठ्याच्या भिंतीपाशी नेलं. “ही भिंत कसल्या रंगाची दिसतीय तुम्हाला?”

त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग जीपकडे. बाई हुशार. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“म्हंजी अंधार मीच केला होय?” त्या हळूच म्हणाल्या.

“तुम्ही जीव लावला. फक्त जागा चुकली. उद्यापासून बॉनेटवर काढा, हवं तेवढं मोठं.”

सकाळी काचा त्यांनीच धुतल्या. मला हात लावू दिला नाही. लावलेलं ज्याने लावलं त्यानेच काढायचं, असं म्हणाल्या. गरम पाणी, शिकेकाई आणि नारळाची शेंडी घेऊन तासभर घासत होत्या. खाली घमेलं धरलं होतं, थेंब जमिनीवर पडू दिला नाही. ते लालभडक पाणी त्यांनी तुळशीला घातलं आणि हात जोडले. मग बॉनेटवर एवढं मोठं स्वस्तिक काढलं की दिनेशला हसू आवरेना. मला नाही हसू आलं. मला त्या बाईचा अभिमान वाटत होता.

नाना हे सगळं ओट्यावरून बघत होते. एकदाच म्हणाले, “काचा ऱ्हाऊ दे पाण्यानं ओल्या, आपोआप निघंल.” एवढंच.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर मी गेले. दिनेश घरीच थांबला. चावी घ्यायला, असं म्हणा. कोथिंबिरीला भाव बरा मिळाला, नाना व्यापाऱ्याशी मनसोक्त भांडले, आम्ही चहा घेतला आणि निघालो. चांदोरीपर्यंत मोठ्या रस्त्यावरच्या दिव्यांत काही कळलं नाही. वळलो, आणि समोरचा रस्ता उघडला. दोन्ही बाजूंची बाभळीची झाडं, कडेचे पांढरे दगड, दूरच्या मोरीचा कठडा, सगळं लख्ख. समोरून कुणी आलं की नाना लगेच दिवे खाली करत आणि तो गेला की पुन्हा वर. मला वाटलं, जिंकले. आता दिनेशला सांगते, काय ते तुझे जुने बल्ब.

मग मोरीच्या पलीकडे मला उसाची गाडी दिसली. मागून लोंबणारं उसाचं पाचट, त्याखाली हळूहळू फिरणारं चाक. चांगली लांब होती. भरपूर वेळ होता. मी वाट बघू लागले. आता नानांचा पाय ॲक्सिलेटरवरून निघेल. आता निघेल. मोरी आली. नाना त्याच वेगात, मान किंचित पुढे, ओठ घट्ट.

“नाना, गाडी,” मी म्हणाले.

त्यांनी ब्रेक दाबला. पाट्या मागून धडधडत पुढे आल्या. जीप थांबली तेव्हा ऊस आमच्यापासून दोन हातांवर होता. गाडीवान उठलासुद्धा नाही. बैल चालत राहिले.

नानांनी जीप कडेला घेतली. इंजिन चालू होतं. थोडा वेळ दोघंही गाडी दूर जाताना बघत राहिलो.

“तुला कव्हा दिसली?” त्यांनी विचारलं.

 शब्द फक्त दिव्यांबद्दलचा होता. दिव्यांनी शब्द राखला होता. मी ‘तुमच्याबरोबरच दिसली’ म्हटलं असतं तर चावी त्यांच्याच खिशात राहिली असती, आणि मला ते मनापासून हवंही होतं. पण शेजारच्या सीटवर आज मी बसले होते.

“मोरीच्या अलीकडं असतानाच,” मी म्हणाले. “बऱ्याच अलीकडं.”

नानांनी मान हलवली. मग दार उघडून खाली उतरले. जीपच्या पुढून, त्या पांढऱ्या उजेडातून, सावकाश चालत माझ्या बाजूला आले. धोतराचं टोक त्यांनी एका हातात धरलं होतं. एरवी हा माणूस मला कधी म्हातारा वाटला नव्हता. त्या उजेडात वाटला.

“सरक तिकडं,” ते म्हणाले. “शहरात चालवती ना मारुती? मग ही बी चालंल.”

मी स्टिअरिंगमागे गेले. गिअर जड होता, तो त्यांनी शेजारून हात घालून टाकून दिला. गावापर्यंत ते मला सूचना देत राहिले. डिप्पर मार. इथं खड्डा हाय. डावीकडनं घे. सगळे खड्डे पाठ होते त्यांना.

गावाची वेस आली तसे म्हणाले, “सोमवारी रजा काढशील?”

“कशाला?”

“डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय. दिनेशला आत्ता नको सांगू.” मग म्हणाले, “आन् त्याला म्हणावं, चावी तोवर सविताकडं. त्यानं दिव्यांना हात लावायचा नाय. डोळ्यांचं झालं की ते मलाच लागणारेत.”

मी हो म्हटलं, आणि फाटकापाशी जोरात हॉर्न वाजवला.